मुख्याध्यापकांची नामावली

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या माध्यमिक शाळेत काही कामासाठी गेले आणि मुख्याध्यापकांच्या दालनात थोडा वेळ थांबण्याचा प्रसंग आला, की भिंतीवरील एका फलकाकडे लक्ष जातेच. फलक लाकडी, बहुधा काळ्या किंवा गर्द तपकिरी रंगाचा. वर शाळेचे नाव. खाली अनुक्रमांक, नाव, पदवी आणि 'पासून – पर्यंत' असे रकाने. शाळा सुरू झाल्यापासून त्या खुर्चीत कोण कोण बसले, याची ती नोंद असते. शाळेच्या इतिहासाची स्मरणिका निघते न निघते. पण हा फलक मात्र रंगारी बोलावून दर वेळी पुढे लिहिला जातो.

हा फलक सावकाश वाचण्यासारखा असतो. जुन्या शहरी शाळेत पहिली पंधरा-वीस नावे एकाच समाजाची असतात. शाळा ग्रामीण भागातील आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे निघालेली असेल, तर नावे दुसऱ्या एका समाजाची असतात. पण तीही बव्हंशी एकाच. मधूनच एखादे नाव 'श्रीमती' किंवा 'सौ.' असे सुरू होते. दलित, आदिवासी किंवा भटक्या जमातीतील मुख्याध्यापकाचे नाव मात्र शोधावे लागते. मी पाहिलेल्या अनेक फलकांवर ते नव्हतेच; जेथे होते तेथे पुढच्या रकान्यातील मुदत वर्ष-दीड वर्षाची, सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरची होती. आता त्याच शाळेतील शिक्षकवृंदाचे वार्षिक छायाचित्र पाहावे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या छायाचित्रातील चेहरे आणि त्याखालची आडनावे पुष्कळ पालटली आहेत. आरक्षणाच्या बिंदुनामावलीने शिक्षकांच्या खोलीचे दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न असा आहे, की छायाचित्र पालटले तरी फलक का पालटला नाही. आणि त्याहून आधीचा प्रश्न असा, की तो पालटला नाही म्हणून बिघडले कोठे?

हा दुसरा प्रश्न उद्धटपणे विचारला जातो, तसाच प्रामाणिकपणेही विचारला जातो. शिक्षक चांगला असला म्हणजे झाले, त्याची जात कशाला पाहता, असे म्हणणारे सर्वच ढोंगी नसतात. त्यांचा घोटाळा होतो तो प्रश्नाच्या मांडणीत. शिक्षकांतील प्रतिनिधित्वाचा विषय निघाला, की तो आपण नोकऱ्यांच्या वाटणीचा विषय समजतो: कोणाला किती जागा, कोणाचा अनुशेष किती, कोणाच्या पोटावर पाय आला. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी प्रथम लेखी मांडला, त्यांनी तो मुळात असा मांडलाच नव्हता.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्याचा उल्लेख आपल्याकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची पहिली मागणी म्हणून होतो आणि तो यथार्थ आहे. पण त्या निवेदनाचा एक भाग शिक्षक कोण असावा, याविषयी आहे. त्या वेळी प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण होते. फुल्यांचे म्हणणे असे, की शक्यतोवर शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत. कारण ते मुलांमध्ये आणि त्यांच्या आईबापांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, आणि प्रसंग पडला तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरण्याची त्यांना लाज वाटणार नाही. येथे शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी मिळावी हा युक्तिवाद मुख्य नाही. समोर बसलेल्या मुलाला कोण समजू शकेल, हा मुख्य आहे.

फुले तेथेच थांबले नाहीत. प्रशिक्षित शिक्षकाला निदान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये पगार द्यावा, असे त्यांनी सुचविले. शिवाय गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम, स्टँपविक्री अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, असेही सांगितले. खालच्या थरातील माणूस नुसता शिक्षक करून भागत नाही. त्याच्या हाती काही अधिकार आणि खिशात पुरेसा पगार असल्याखेरीज गाव त्याला मोजत नाही, हे व्यवहारज्ञान या सूचनेत आहे. आजच्या परिसंवादांतून प्रतिनिधित्वावर पुष्कळ बोलले जाते, पण ही पगाराची आणि अधिकाराची बाजू बहुधा निसटते.

हे बोलणारा माणूस शाळांच्या कामात मुरलेला होता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढल्यावर तेथे उभे राहण्यासाठी सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकावे आणि शिक्षिका व्हावे लागले, हे त्यांनी घरातच पाहिले होते. सावित्रीबाईंच्या १८५६ मधील एका पत्रात ज्या फातिमेचा उल्लेख येतो, तिच्यासारख्या सहकाऱ्यांची त्यांना पारख होती. आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही त्यांच्याच शाळेतील मुलगी. शिक्षकाने मुलाला आपले मानले, तर ते मूल किती मोठ्या आवाजात बोलू लागते, याचा पुरावा त्यांच्यापाशी होता.

याच काळातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, हे लष्करातील शाळेत मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक महार गृहस्थ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसू शकत होता. मात्र छावणीच्या कुंपणाच्या आत. त्याच मुख्याध्यापकाचा मुलगा पुढे साताऱ्याच्या शाळेत गेला, तेव्हा त्याला वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागले. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळेचा गडी त्याला शिवणार नव्हता. तहान लागली तर नळ उघडायला शिपाई हजर पाहिजे. शिपाई नसला, तर पाणी नाही. ही हकीगत बाबासाहेबांनीच पुढे इंग्रजीत लिहून ठेवली आहे. लष्करी शाळेत आणि साताऱ्याच्या शाळेत पाढे तेच होते आणि मुळाक्षरे तीच होती. पण वडिलांना ज्या खुर्चीत बसता आले, तशा खुर्चीच्या अमलाखाली मुलाला साधा बाकही मिळाला नाही.

यावर कोणी म्हणेल, की साताऱ्यातच त्यांना आंबेडकर आडनावाचे ब्राह्मण शिक्षक भेटले. मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी देत आणि त्यांचेच आडनाव पुढे जगप्रसिद्ध झाले. हे खरेच आहे आणि बाबासाहेबांनी त्या गुरुजींविषयी जन्मभर कृतज्ञता बाळगली. फुल्यांच्या पहिल्या शाळेला वाडा देणारे भिडेही ब्राह्मणच. माणसाचे अंतःकरण जातीच्या दाखल्यावरून ठरत नाही, हे या लेखात कोठेही नाकारायचे नाही. पण भाकरी देणारे गुरुजी होते, तरी गोणपाट रोज घरी न्यावेच लागत होते, हेही त्याच कथेत आहे. एका शिक्षकाचा चांगुलपणा एका मुलाला तारून नेतो. शाळेचा रिवाज मोडण्याची ताकद त्याच्यात नसते. रिवाज ज्याच्या सहीने चालतो तो माणूस वेगळा असतो, आणि म्हणूनच मी शिक्षकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मुख्याध्यापकाकडे बोट दाखवीत आहे.

मुख्याध्यापकाच्या हाती असते तरी काय, असे बाहेरच्यांना वाटते. ज्यांनी शाळेच्या कचेरीत वर्षे काढली आहेत त्यांना ते ठाऊक आहे. वेळापत्रक कोणाला सोयीचे करायचे, दहावीचा वर्ग कोणाकडे द्यायचा, शिक्षकांचे गोपनीय अहवाल कसे लिहायचे. 'ढ' तुकडी नावाची गोष्ट ठेवायची की नाही आणि ठेवली तर तीत कोणाला टाकायचे. स्नेहसंमेलनात स्वागतगीताला कोणत्या मुली उभ्या करायच्या. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर काढायचे की बापाला निरोप धाडायचा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मूल चार महिन्यांनी परत आले, तर त्याचे नाव पटावर आहे की कमी झाले आहे. यांपैकी एकही गोष्ट अभ्यासक्रमात नाही. परंतु अनेक मुलांची शाळा सुटते ती गणितामुळे नव्हे, या गोष्टींमुळे.

एक लहानसे उदाहरण देतो. शिक्षकांना आणि लिपिकांना ते ओळखीचे वाटेल. शिष्यवृत्तीचे अर्ज आले, की कचेरीतून सूचनावही निघते. शिपाई ती घेऊन वर्गावर्गांत जातो, शिक्षक तास थांबवून सूचना वाचतात: मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उत्पन्नाचा व जातीचा दाखला घेऊन अमुक तारखेपर्यंत कार्यालयात यावे. मग बाई किंवा सर सहज म्हणतात, कोण कोण आहेत, उभे राहा पाहू. आठ-दहा मुले उभी राहतात. उरलेली पन्नास वळून पाहतात. ज्याची जात आजवर वर्गाला ठाऊक नव्हती त्याचीही त्या मिनिटात ठाऊक होते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. सूचना शासनाची, हेतू मदतीचा. असे वर्षानुवर्षे चालते. ज्या एका शाळेत हा प्रकार बंद झालेला मी पाहिला, तेथे नव्याने आलेले मुख्याध्यापक लहानपणी असेच उभे राहिलेले होते. त्यांनी भाषण केले नाही की परिपत्रक काढले नाही. लिपिकाला पटावरून यादी काढायला सांगितली आणि अर्ज बंद लिफाफ्यातून मुलांच्या हाती देण्याची व्यवस्था केली. तेवढेच. त्यांच्या आधीचे मुख्याध्यापक सज्जन होते, विद्वान होते; ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, कारण ते कधी उभे राहिले नव्हते.

आदिवासी भागात हाच प्रश्न भाषेचे रूप घेऊन येतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, सातपुड्यात भिली-पावरी, पालघर-डहाणूकडे वारली बोलणारे मूल पहिलीत येते आणि शिक्षक पुस्तकी मराठीत बोलू लागतो. मूल गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाला आपण मंद ठरवितो. अविभाजित आंध्र प्रदेश शासनाने यावर २००० साली एक टोकाचा उपाय केला. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत शिक्षकांच्या शंभर टक्के जागा स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवल्या. बाहेरचे शिक्षक दुर्गम पाड्यांवर राहत नाहीत, शाळेत येत नाहीत, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला. शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही, हे एक कारण. आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पनाच न्यायालयाने कठोर शब्दांत अमान्य केली.

या निकालाचे तत्त्व मला मान्य आहे. कोणत्याही मुलाच्या वाट्याला केवळ आपल्याच समाजाचे शिक्षक यावेत, ही अवस्था इष्ट नव्हे. फक्त एवढेच म्हणावेसे वाटते, की एकाच समाजाने उरलेल्या सर्व समाजांना शिकवावे ही कल्पना दीडशे वर्षे प्रत्यक्षात चालू होती, तेव्हा तिला कोणी कल्पना म्हटले नाही. ती रीत होती. महाराष्ट्रातही राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकासह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचे ठरले. ते प्रकरण न्यायालयीन वादात सापडले आणि नेमणुका रखडल्या म्हणून २०२४ साली त्या तरुणांना आंदोलन करावे लागले. या गुंत्यातून एक वाट निघू शकते. जन्माऐवजी भाषा ही पात्रता माना. कोरकू भागात शिकवायचे त्याला कोरकू आली पाहिजे आणि त्याने शाळेच्या गावी राहिले पाहिजे. मग तो अमरावतीचा असो की अक्कलकुव्याचा. परीक्षा घ्या, उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ द्या. या अटीवर कोण निवडले जातील हे उघड आहे. आणि जो बाहेरचा माणूस भाषा शिकून तेथे राहील, त्याला अडविण्याचे कारणही राहणार नाही.

वेतनवाढीचा उल्लेख केला तो जाणूनबुजून. वंचित समाजांतील पहिल्या-दुसऱ्या पिढीचे पदवीधर मोठ्या संख्येने या पेशाच्या दाराशी येऊ लागले, त्याच सुमारास, म्हणजे २००० सालापासून, राज्यात शिक्षण सेवक नावाची योजना आली. तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकला प्रारंभी महिना तीन हजार रुपये. पुढे ते वाढत गेले आणि २०२३ साली प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिकसाठी अनुक्रमे सोळा, अठरा व वीस हजार झाले. मधल्या काळात, मे २०१२ पासून, शिक्षकभरतीच कित्येक वर्षे बंद होती. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. तिजोरीचे गणित होते. पण ज्याच्या घरी दोन एकर बागायत आहे तो तीन वर्षे मानधनावर काढू शकतो. ज्याच्या घरी मजुरी आहे तो बी.एड. होऊनही दुसरीकडे पाहतो. बारा रुपयांखाली शिक्षक ठेवू नका, असे फुल्यांना का वाटले असेल, हे येथे कळते.

आता फलकाकडे परत यावे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. मुख्याध्यापकाची नेमणूक संस्थेतील पात्र शिक्षकांच्या सेवाज्येष्ठतेने व्हावी, असा तिचा सर्वसाधारण दंडक आहे. त्याचबरोबर मुख्याध्यापक व सहायक मुख्याध्यापक यांच्या चोवीस टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद त्या नियमावलीने केली: अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरितांना तेरा, अनुसूचित जमातींना सात, विमुक्त-भटक्या जमातींना चार. म्हणजे ज्यांनी नियम केले त्यांना खुर्चीचे महत्त्व उमगले होते. मग अडले कोठे? पहिली अडचण संख्येची. राज्यातील असंख्य संस्था एकशाळी आहेत. शाळा एक, मुख्याध्यापक एक. एकाच्या चोवीस टक्के किती होतात? शिवाय १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने संवर्गात एकच पद असेल तर तेथे आरक्षण लागू करता येणार नाही, असे स्पष्ट केले. तसे केल्यास ते शंभर टक्के होईल, हे त्याचे तर्कशास्त्र. त्यामुळे ही तरतूद पाच-पन्नास शाळा चालविणाऱ्या मोठ्या संस्थांपुरती उरली. शासकीय सेवेतील पदोन्नतींच्या आरक्षणाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेवर आल्या, त्या वादाची छायाही या सर्व क्षेत्रावर पडली आहे.

सेवाज्येष्ठता हा न्याय्य दंडक आहे आणि शिक्षक संघटनांनी तो झगडून मिळविला आहे. संस्थाचालकाच्या मर्जीपेक्षा यादीतील क्रमांक केव्हाही बरा. पण ज्याची नेमणूक अनुशेषातून झाली, तोही पस्तिशीला, ज्याने बी.एड. नोकरी सांभाळून केले. ज्याची मान्यता कचेरीत दोन वर्षे पडून राहिली, तो यादीत वर सरकेपर्यंत अठ्ठावन्नावे वर्ष उजाडते. फलकावरच्या त्या वर्ष-दीड वर्षाच्या मुदतीचे कारण हेच.

स्त्रियांच्या बाबतीत आकडे आणि खुर्ची यांतील अंतर अधिक ढळढळीत आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय आकडेवारीप्रमाणे देशातील शालेय शिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण ५४.२ टक्के झाले आहे. सावित्रीबाईंपासून मोजले तर ही केवढी मजल आहे! परंतु आपल्या तालुक्यातील मुख्याध्यापक संघाच्या सभेला जावे आणि पहिल्या तीन रांगा पाहाव्यात. मुलींच्या शाळा आणि शहरांतील प्राथमिक विभाग सोडले, तर दृश्य काय दिसते ते सांगण्याची गरज नाही. बाईंना शाळा चालविता येत नाही, असे आता कोणी उघडपणे म्हणत नाही. रात्री-बेरात्री बैठका असतात, शिक्षण खात्यात खेपा घालाव्या लागतात, गावातली माणसे अंगावर येतात, असे काळजीच्या सुरात सांगतात.

एका गोष्टीविषयी मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. संस्थेने खेड्यातील मुलांतून शिक्षक घडविण्यासाठी अध्यापक विद्यालयही काढले. फुल्यांच्या निवेदनातील मागणी जर कोणी प्रत्यक्षात आणली असेल, तर ती त्यांनी. परंतु त्यांचे नाव घेऊन निघालेल्या सर्वच संस्थांना तो वारसा पेलला असे म्हणता येत नाही. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत उगाच रूढ झाला नाही. अध्यक्ष वडील, सचिव चिरंजीव, मुख्याध्यापक जावई आणि शाळा मात्र बहुजनांची, ही स्थिती आपण सर्वांनी पाहिली आहे. जुन्या फलकावरील एका समाजाची नावे पुसून दुसऱ्या एका घराण्याची लिहिली, तर त्याने त्या कोपऱ्यातल्या मुलाचे काही भले झाले असे नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या मुख्याध्यापकांची, पर्यवेक्षकांची प्रवर्गनिहाय व स्त्री-पुरुषवार यादी दर वर्षी शाळेच्या दर्शनी भागात लावावी, एवढी सक्ती शासनाने केली तरी पुष्कळ गोष्टी उजेडात येतील. यासाठी न घटनादुरुस्ती लागते, न पैसा.

आणि लक्ष घातले पाहिजे ते नकारपत्रांत. सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाने स्वेच्छेने हक्क सोडला, तर त्याच्या खालच्याची नेमणूक करता येते. त्यासाठी लेखी निवेदन द्यावे आणि ते खरोखर स्वेच्छेचे आहे याची खातरजमा शिक्षणाधिकाऱ्याने करावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात ते पत्र प्रस्तावाच्या संचिकेत एका टाचणीला अडकून येते आणि मंजूर होते.

असे एक पत्र मला जवळून ठाऊक आहे. बरीच वर्षे झाली. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी सहायक शिक्षक होतो. आमच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या एक बाई होत्या. बौद्ध समाजातल्या, चोवीस वर्षे सेवेच्या. मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते आणि यादीत बाईंचे नाव पहिले होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सचिवांनी त्यांना बोलावून घेतले. आवाज चढला नाही. "बाई, तुमच्या मिस्टरांची तब्येत बरी नसते, मुलगी लग्नाची आहे, कशाला हा व्याप मागे लावून घेता? पुढे संस्था तुमचा विचार करीलच," एवढेच बोलणे झाले, असे बाईंनीच नंतर सांगितले. सोमवारी त्या शिक्षकांच्या खोलीत कोरा कागद घेऊन बसल्या होत्या. माझे मराठी चांगले, अर्जाची भाषा मला अवगत. म्हणून त्यांनी मसुदा करून मागितला. मी करून दिला. 'कौटुंबिक अडचणींमुळे व प्रकृतीच्या कारणास्तव सदर पदाची जबाबदारी स्वीकारण्यास मी असमर्थ आहे' असे काहीसे वाक्य होते. त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात उतरवून काढले. नियमाप्रमाणे स्वहस्ताक्षर हवे होते. सुवाच्य अक्षर होते. फळ्यावर प्रमेये लिहायच्या तसेच.

पुढे जे मुख्याध्यापक झाले ते बाईंहून नऊ वर्षांनी कनिष्ठ होते. बाई आणखी सहा वर्षे गणित शिकवीत राहिल्या. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून खातरजमा करायला कोणी आले नाही. आले असते आणि बाईंना बाजूला घेऊन एवढेच विचारले असते, की हे पत्र लिहावे असे तुम्हांला केव्हा वाटले, शनिवारच्या आधी की नंतर, तर कदाचित त्या काही बोलल्या असत्या. तो प्रश्न विचारायला मीही त्या सोमवारी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. मी वाक्य जुळवीत होतो.